पुरे म्हणेपर्यंत

"पहिलं पाणी खांबाला, मग माणसांना. वरून खाली घालायचं, धार तुटू द्यायची नाही. गोणपाट सुकलेलं दिसता कामा नये. आणि का म्हणून विचारायचं नाही."

लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी एवढं बोलून माझ्या हातात कळशी दिली. मी का म्हणून विचारलं नाही. माहेरी मला सगळे मुखदुर्बळ म्हणायचे. सासरी तोच गुण ठरला.

आमचं घर पाण्याच्या पुलाला लागून आहे. माझे यजमान पाटकरी. कालव्याचं दार उघडायचं, बंद करायचं, कुणाच्या शेताला कधी पाणी जाणार ते बघायचं, हे त्यांचं काम. पाण्याचा पूल म्हणजे काय, ते न पाहिलेल्याला सांगायला हवं. आमच्या बाजूला डोंगरातून आलेला कालवा आहे आणि समोर उंचावर सपाट, कोरडवाहू रान. मध्ये खोल ओढा, पावसाळा सोडला तर कोरडाच. कालव्याचं पाणी एकदा ओढ्यात उतरलं की पलीकडे चढत नाही. पाणी म्हणजे काही शेळी नव्हे. त्यामुळे पलीकडचे लोक पिढ्यान् पिढ्या आभाळाकडे बघून पेरायचे आणि बहुतेक वेळा आभाळाकडेच बघत बसायचे. इकडे कालवा वाहताना त्यांना दिसायचा. दिसायचा आणि मिळायचा नाही. मग कधीतरी दोन्हीकडच्या लोकांनी मिळून ओढ्यात दगडी खांब उभे केले आणि त्यांच्या डोक्यावरून दगडाची पन्हळ पलीकडे नेली. खालून माणसं जातात, वरून पाणी जातं. लहान मुलांना अजूनही ते खरं वाटत नाही.

हे बांधकाम ज्यांच्या हाताखाली झालं ते मुख्य गवंडी म्हणजे माझे आजेसासरे. मधला खांब पुरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी ते त्याच्यावरून पडून वारले. पुढचं काम त्यांच्या माणसांनी केलं. सासूबाईंनी मला सांगितलं होतं ते असं: खांब तहानलेला होता, त्यानं घरातला कर्ता माणूस घेतला, त्याला रोज पाणी मिळालं नाही तर तो दुसरा मागेल. तेव्हापासून आजेसासूबाईंनी कधी चुकवलं नाही, त्यांच्यामागे सासूबाईंनी, आणि सासूबाईंचे पाय जायला लागले होते, म्हणून लग्न झाल्यापासून मी. माझा बाकीचा नेमही त्यालाच बांधलेला आहे. पहाटे उठायचं, दिवा लावायचा, आणि सूर्य पन्हळीच्या वर येईपर्यंत मौन. त्या मौनातच पाणी घालायचं. खांबाला माणसाच्या उंचीइतकं गोणपाट गुंडाळलेलं असतं, त्याला आम्ही वस्त्र म्हणतो. विरलं की नवं.

एका घराचा नेम हळूहळू गल्लीचा झाला. कुणाचं मूल आजारी, कुणाचा नवरा परगावी. जो तो आपली एकेक कळशी वाढवत गेला. ओल्या जागेत कुणाचे पाय पडू नयेत म्हणून माझ्या सासऱ्यांनी बुंध्याभोवती दगडाचा कठडा बांधला. त्यामुळे पाणी वाहून जायचं थांबलं, बुंध्याशीच साचायला लागलं. शिंपीणकाकूंच्या मुलाला नोकरी लागली तेव्हा त्यांनी तिथं एक नळ बसवून दिला, दिवसरात्र थेंब थेंब ठिबकेल असा. "माझा देव झोपतो का? मग माझा नळ का झोपेल?" असं त्या म्हणायच्या. काकूंशी वाद घालणारं माणूस आमच्या गल्लीत अजून जन्मायचं आहे.

यंदा पलीकडे पेरणीआधीची पाण्याची पाळी सोडायची, तर मधल्या खांबावर पन्हळीचा सांधा उलला आणि पाणी खाली गळायला लागलं. यांनी कालवा बंद केला, वर कळवलं. दोन दिवसांत एक तरुण इंजिनिअरबाई आल्या, सोबत एक उंचापुरा गवंडी. आले ते नेमके सकाळी, माझ्या मौनात.

गवंडी पन्हळीवर चढला आणि त्यानं खांबाच्या कडेला धरून ओळंबा खाली सोडला. दोऱ्याला बांधलेलं ते जड वजन हलत हलत खाली आलं आणि स्थिर झालं. मी कळशी घेऊन तिथंच उभी होते. दोरा वर खांबाला टेकलेला होता आणि खाली खांबापासून वीतभर लांब लोंबत होता.

खांब कलला होता. मी रोज मान वर करून त्याच्याकडे बघत आले होते आणि मला तो रोज सरळ दिसला होता.

"मावशी," इंजिनिअरबाईंनी मला विचारलं, "इथं एवढी ओल कशामुळे?"

मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. मी हातानं सूर्य दाखवला. त्या गोंधळून सूर्याकडे बघायला लागल्या.

"सूर्य पुलाच्या वर आल्याशिवाय ती बोलणार नाही," हे म्हणाले. "घराला आग लागली तरी हातवारे करील."

"बरं," त्या म्हणाल्या, "मग थांबू सूर्यासाठी. तोवर खणा, दादा."

गवंडीदादांनी कठड्याचे दोन दगड काढले आणि पहार उचलली. जमीन कडक असली की पहार ठणकन वाजते, मागे उसळते. इथं ती वाजलीच नाही. लोण्यात सुरी जावी तशी मुठीपर्यंत आत गेली. त्यांनी ती ओढून काढली तर तिच्यामागून काळं पाणी वर आलं आणि खड्डा आपोआप भरला. चिखलाचा वास आला, जुना, कुबट. गवंडीदादा दोन पावलं मागे सरले. मान वर करून त्यांनी खांबाकडे पाहिलं, आणि मग खांबाच्या सावलीतून सगळ्यांना हात करून बाजूला काढलं.

"माझं आहे ते पाणी," कुणीतरी म्हणालं.

तो माझाच आवाज होता. सूर्य अजून पन्हळीच्या खाली होता. लग्नानंतर पहिल्यांदा माझं मौन मोडलं आणि ते मोडलेलं मला नंतर कळलं.

इंजिनिअरबाई म्हणाल्या, "तुमचं म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. पहिलं पाणी खांबाला. वरून खाली. धार तुटू द्यायची नाही, गोणपाट सुकलेलं दिसता कामा नये. गवंडीदादा ऐकता ऐकता हसायला लागले. वाईट अर्थानं नाही, आपल्या घरची गोष्ट परक्याच्या तोंडून ऐकल्यावर माणूस हसतो तसे.

"वहिनी, हा काही नवस नव्हे. हे पाणी मारणं आहे! कामावरच्या पहिल्या दिवशी माझ्या बापानं मला हेच शब्द सांगितले. नवं बांधकाम वाळू द्यायचं नाही. त्यात हे चुन्याचं, त्याला तर जास्तच जपायचं. गोणपाट गुंडाळायचं आणि वरून पाणी घालत राहायचं, काम मुरेपर्यंत. मग बंद."

"मग बंद?"

"मग बंद. नाहीतर काय जन्मभर घाल—"

माझा चेहरा बघून ते मध्येच थांबले.

तोवर शिंपीणकाकू येऊन ठेपल्याच होत्या. "कोण बंद म्हणतंय? काल आलेली माणसं आम्हाला आमचा खांब शिकवणार?"

इंजिनिअरबाईंनी त्यांना काठावरची माती हातात देऊन दाखवली. बाकीचे सगळे खांब खडकावर आहेत, त्या म्हणाल्या. हा एकटा मातीवर आहे. ही माती पाणी प्याली की फुगते आणि मऊ पडते. जेवढं पाणी घातलंत तेवढा तो खचत गेला. आता आणखी खचला तर पन्हळ तुटेल आणि पलीकडची पेरणी यंदाची गेली, पुढचीही गेली. नळ आत्ता बंद, कठडा आज फुटला पाहिजे, आणि बुंध्याला पाण्याचा एक थेंबही नको.

काकू हातातल्या मातीकडे बघत राहिल्या. मग काही न बोलता गेल्या आणि स्वतःच्या हातानं नळ बंद करून आल्या. काकू गप्प बसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. त्यानं मला जास्त भीती वाटली.

मी अजून भरलेली कळशी कमरेवर घेऊन उभी होते. ती कुठं ओतावी हेच मला कळेना. शेवटी जशीच्या तशी घरी आणली.

आणि मग उंबऱ्यात मला आठवलं. सासूबाई खांबाच्या आधी पाणी पीत नाहीत. सकाळी मी परतले की त्या माझे हात हातात घेतात. थंड, ओले लागले की मग पेला मागतात. त्यांची नजर अधू झाली तेव्हापासून हीच त्यांची खूण.

"हात भिजव आणि जा," हे दारातच कुजबुजले. "घातलं म्हणून सांग. एवढ्या तेवढ्यानं देव रागावत नाही."

"मी खोटं नाही बोलणार."

"अगं, आई प्यायची नाही! उन्हाचे दिवस आहेत, वय काय आहे तिचं!"

मला तेही ठाऊक होतं. पण ज्या बाईनं मला नेम दिला तिच्याच हाती खोटे ओले हात द्यायचे, हे मला जमणार नव्हतं. मी आत गेले. त्यांनी हात पुढे केला. माझे हात कोरडे लागले.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "चुकलं?"

मी त्यांच्या पलंगावर बसून सगळं सांगितलं. खांब कललाय, माती मऊ पडलीय, ती आपल्या पाण्यानं. तो नेम नव्हताच, आई. ते गवंडीकाम होतं. पहिल्या बांधकामाचं पाणी होतं आणि आपण ते थांबवलंच नाही.

मी पेला त्यांच्या ओठाशी नेला, तो त्यांनी उलट्या हातानं बाजूला केला.

"खांब प्यायला नाही ना?" त्या म्हणाल्या. "मग मीही नाही."

दुपार चढत गेली. पत्रा तापला. बाहेर ठाण ठाण कठडा फुटत होता आणि प्रत्येक घावाला त्यांच्या पापण्या हलत होत्या. मी ओला कपडा ओठांवर ठेवायला गेले, त्यांनी तोंड फिरवलं. यांनी हात जोडले, दटावलं, शेवटी "आई, आता मी पाया पडतो," असं म्हणून खरंच पाया पडले. सासूबाई डोळे मिटून पडून राहिल्या. जीभ टाळ्याला चिकटत होती, ते बोलताना ऐकू येत होतं. मी देवासमोर जाऊन बसले. पण काय मागावं तेच सुचेना. माझं रोजचं मागणं खांबापाशी असायचं, आणि आता खांबाकडे मागायचं तोंड राहिलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, तुला एक सांगायचं राहून गेलं. म्हणजे, राहू दिलं." दम घेत घेत त्या बोलत होत्या. "माझी सासू गेली, त्या दिवशी सकाळी मला म्हणाली, तुझे सासरे म्हणाले होते, मी पुरे म्हणेपर्यंत घाल. खांबाला शेवटचा दगड बसला, संध्याकाळी घरी आले, तिच्या हातात कळशी दिली, आणि एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पडले. मग पुरे कोण म्हणणार होतं?"

"म्हणजे त्यांना कळलंच नाही, कधी थांबायचं ते?"

"न कळायला काय झालं?" सासूबाईंनी डोळे उघडले. "ती गवंड्याची बायको. जन्म चुन्यात गेला तिचा. बांधकामाला किती पाणी मारतात हे तिला ठाऊक नसेल होय? तिला सगळं ठाऊक होतं. पण थांबली असती तर मग ते पुरे म्हणायला यायचे नाहीत, असं ठरून गेलं असतं. म्हणून घालत राहिली."

खोलीत नुसता पत्र्याचा कडकड आवाज. हे दाराशी उभे होते, त्यांनी चौकट धरली. आजीचे लाडके नातू ते. त्यांनाही यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

"आणि तहान?" मी विचारलं. "खांब माणूस मागतो म्हणायचात, ते?"

"ते लोकांनी जोडलं. मला बरं वाटलं. तिची वाट बघणं तुझ्या हातात कसं देणार होते मी? भीती द्यायला सोपी असते."

त्या पुन्हा डोळे मिटणार, तोच मी उठले. चपला न घालताच ओढ्यात उतरले. गवंडीदादा फुटक्या कठड्यावर बसून चहा पीत होते.

"दादा, माझ्या घरी चला. सासूबाईंना पुरे म्हणा."

मी त्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी चहा तसाच खाली ठेवला.

"वहिनी, मी कोण म्हणणारा?"

"तुम्ही गवंडी आहात."

ते उठले, पण घराकडे नाही, खांबाकडे गेले. गोणपाट सोडलं. आतला दगड काळपट, ओलसर होता. पहिल्यांदा इतका उघडा पाहिला मी. त्यांनी हातोड्यानं ठोकून ऐकलं. खिशातून खिळा काढला आणि दोन दगडांमधल्या चुन्यात जोर लावून ओरखडला. खिळा वाकला. तो वाकलेला खिळा मुठीत घेऊन, हातपाय धुऊन ते आमच्या घरात आले आणि पलंगाशी जमिनीवर बसले.

"आजी, मी गवंडी. खांबाचा चुना खिळ्यानं ओरखडून बघितला. हा बघा, खिळा वाकला." त्यांनी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. "काम पक्कं मुरलंय. पुरे."

सासूबाई बोटांनी खिळा चाचपत राहिल्या.

"किती उशीर केलास रे," त्या म्हणाल्या.

गवंडीदादांची मान खाली गेली. मी पेला पुढे केला. त्या पाणी प्याल्या. पेला संपला, दुसरा मागितला. हे बाहेर निघून गेले आणि परसात बराच वेळ कारण नसताना नाक शिंकरत राहिले.

पुढचे काही आठवडे खांब टेकू लावून उभा होता. बुंध्याची ओली माती थोडी थोडी काढून खाली खडकापर्यंत काँक्रीट भरलं, वर खांबाभोवती काँक्रीटचा पट्टा चढवला. शिंपीणकाकू रोज येऊन मजुरांना काम शिकवून जायच्या. शेवटच्या दिवशी गवंडीदादांनी नव्या पट्ट्याला गोणपाट गुंडाळलं आणि मला हाक मारली.

"वहिनी, आता हे तुमच्याकडे. कळशी नको, झारी घ्या. गोणपाट ओलं राहील एवढंच. खाली थेंब ओघळता कामा नये. मी पलीकडे पाटाच्या कामावर आहे. येऊन नखानं बघीन आणि पुरे म्हणून सांगीन."

घरी येऊन हे सांगितलं, तशा सासूबाई उठून बसल्या.

"सांगीन म्हणाला? तोही?" त्यांनी माझं मनगट धरलं. "हे बघ, तो नाही आला तर वाट बघत बसायची नाही. जाऊन विचारायचं. पुरे का, म्हणून. वचन दे."

मी वचन दिलं.

झारीनं पाणी घालत राहिले. कालवा सुटला, पन्हळीतून पाणी पलीकडे गेलं, पेरण्या झाल्या. गवंडीदादा आले नाहीत. यांनी फोन लावून पाहिला. वाजून वाजून बंद पडला. "कामात असेल. चालू दे की," हे म्हणाले. "दोन झाऱ्यांनी काय बिघडतंय?"

आज पहाटे झारी घेऊन गेले, तर गोणपाटाशी एक दिवा तेवत होता. शिंपीणकाकू नव्या सुनेला घेऊन उभ्या होत्या. सुनेच्या हातात छोटी कळशी, नवी, चकचकीत.

"वरून खाली घाल," काकू तिला सांगत होत्या. "धार तुटू देऊ नकोस. आणि का म्हणून विचारू नकोस."

त्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं. काकू थोड्या ओशाळल्या. "अगं, नव्याला आहे हे, जुन्याला नव्हे," म्हणाल्या. माझं मौन अजून सुटलं नव्हतं. मी पुढे झाले, सुनेच्या हातातली कळशी हळूच काढून घेतली आणि तिच्या काखेत परत दिली, तिचं तोंड घराकडे वळवून.

मग झारी उपडी ठेवली. घरी जाऊन चपला घातल्या. सासूबाई जाग्या होत्या. हात पुढे केला, माझे कोरडे हात चाचपले, आणि काहीच न विचारता पेला उचलला.

पन्हळीच्या कडेनं एक माणूस जाईल एवढी वाट आहे. इतकी वर्षं मी हा पूल खालूनच पाहिला होता. शेजारून पाणी चाललं होतं, माझ्यापेक्षा जरा जोरात. मधल्या खांबावर आले तेव्हा सूर्य अजून खालीच होता. गवंडीदादांच्या कामापर्यंत पोचेन तोवर सूर्य वर येईल, आणि मला विचारता येईल.